खिडकीला काय लावावं? : वाड्यापासून आपल्या बी विंगपर्यंत

स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास लिहून द्या, असा निरोप संपादक मंडळाकडून आला. मी सात वर्षं सेक्रेटरी होतो, म्हणून माझ्याकडे आला असणार. पण नोंदणी, कन्व्हेयन्स, बोअरवेल, लिफ्टची भांडणं हे सगळं माजी अध्यक्षांनी याच अंकात व्यवस्थित लिहिलंय. त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मग एक दिवस संध्याकाळी भाजी घेऊन येताना गेटपाशी थांबलो, बी विंगकडे वर पाहिलं आणि विषय सापडला. चार मजले, आणि प्रत्येक खिडकीला काहीतरी वेगळं! कुठे बांबूचा चिक, कुठे आरशासारखी चमकणारी फिल्म, कुठे रोलर ब्लाइंड, कुठे जुन्या साडीचा पडदा, तर एका ठिकाणी चक्क वर्तमानपत्र. इमारत एक, नकाशा एक, पण पंचवीस वर्षांत प्रत्येकाने आपापल्या खिडकीशी आपापली तडजोड केली आहे. हाही इतिहासच म्हणायचा.

सुरुवात जरा लांबून करतो. खिडकीला आपल्याकडे जुने शब्द दोन, गवाक्ष आणि वातायन. गवाक्ष म्हणजे बैलाचा डोळा आणि वातायन म्हणजे वाऱ्याची वाट. एकात बघणं आहे, दुसऱ्यात वारा आहे, झाकणं मात्र कशातच नाही. झाकण्याचे शब्द बाहेरून आले. ‘पडदा’ फारसीतला आणि ‘चिक’ तुर्की-फारसीतून आलेला. दोन्ही इतके मुरले, की चिकाच्या पडद्याआड बसून कीर्तन ऐकणाऱ्या पेशवाईतल्या बायका डोळ्यांसमोर आणताना आपल्याला त्यात काही परकं वाटत नाही. चिकाची गंमत अशी, की उजेडाच्या बाजूचा माणूस अंधाराच्या बाजूच्याला पाहू शकत नाही. उलट मात्र सगळं दिसतं. संध्याकाळी घरात दिवे लागले, की हा हिशेब फिरतो. आपल्याकडच्या बऱ्याच नव्या बिऱ्हाडांना हे पहिल्या आठवड्यात कळतं, आणि तेसुद्धा समोरच्या विंगमधून कोणीतरी हळूच सांगितल्यावर.

जुन्या पुण्यातल्या वाड्यांना आजच्या अर्थाने पडद्यांची गरजच नव्हती. वाडा बाहेर बघत नसे, आत बघत असे. रस्त्याकडच्या भिंती जाड, खालच्या मजल्यावर खिडक्या थोड्या आणि लहान. उजेड यायचा तो चौकातून. चौकाभोवती सोपे, त्यांच्या आत माजघर. चौकात टळटळीत ऊन असलं तरी सोप्यात नुसता उजेड आणि माजघरात गारवा. ऊन तीन टप्प्यांत गाळून घ्यायची ही पद्धत होती. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधलेला विश्रामबागवाडा आजही उभा आहे. तिथे एप्रिलच्या दुपारी पहिल्या चौकात पाच मिनिटं आणि मग सोप्यात पाच मिनिटं उभं राहून बघा. मी नातवाला घेऊन गेलो होतो. तो म्हणाला, “आजोबा, इथे एसी आहे का?”

कोकणात प्रश्न उन्हापेक्षा पावसाचा. तिथे पागोळ्यांची छपरं खाली ओढलेली आणि पावसाळ्यात पडवीला विणलेल्या झावळ्यांची झापं. खाली गोव्यात काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या लाकडी चौकटीत बसवत. उजेड आत यायचा पण दुधाळ होऊन, डोळ्यांना न टोचता. आज दुकानात ‘फ्रॉस्टेड’ म्हणून जी काच मिळते तिचं काम त्या शिंपल्यांनी फार आधी केलं. आणि विदर्भात वाळा. दाराखिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधायच्या आणि त्यावर पाणी मारत राहायचं. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता हवेतून ओढून घेतली जाते, म्हणून ती हवा गार लागते. मात्र हवा कोरडी असेल तरच. मुंबईच्या दमट हवेत पाणी सुकतच नाही, त्यामुळे तिथे ताटीचा वास येतो, गारवा येत नाही. एका गावाचा उपाय दुसऱ्या गावात का चालत नाही, याचं हे सोपं उदाहरण. राष्ट्रीय बांधकाम संहितेतही हे उतरलंय. कोरड्या उष्ण हवेत खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश खिडकी पुरते, दमट उष्ण हवेत एक षष्ठांश लागते.

मुंबईत इंग्रजांबरोबर झिलमिल आली, म्हणजे आडव्या लाकडी पट्ट्यांची झडप. गंमत म्हणजे इंग्रज अशा पट्ट्यांना व्हेनिसच्या नावाने ओळखतात आणि फ्रेंच लोक त्यांच्या झडपांना इराणच्या. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पण वस्तू मोठी गुणाची. वारा येऊ देते, ऊन अडवते, पाऊस बाहेर ठेवते, आतलं बाहेर दिसू देत नाही. एकाच झडपेत चार कामं. नंतर काच स्वस्त झाली आणि आपण ही चार कामं चार वेगवेगळ्या वस्तूंना वाटून दिली : काच, ग्रिल, जाळी, पडदा. आणि पैसे चौपट.

ऊन घराबाहेर ठेवायचं हा आपला शहाणपणा एकदा साफ उलटला, तो प्लेगमध्ये. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग आला. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत रोग राहतो अशी समजूत पक्की झाली. सरकारी पथकं घरांवरची कौलं काढून ऊन आत सोडत. राहायला नालायक ठरवलेल्या घरांवर इंग्रजी अक्षरांचे शिक्के बसत. १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्याच्या जेम्स ऑर नावाच्या अधिकाऱ्याने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. नियम सोपा आहे. तुमच्या खिडकीसमोर जितकी मोकळी जागा असेल, तिच्या दुपटीपेक्षा समोरची इमारत उंच नसावी. म्हणजे खोलीत पुरेसा उजेड येतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यानंतर मध्यमवर्ग हवेशीर, उजेडाच्या, स्वतंत्र बिऱ्हाडांच्या मागे लागला. १९१५ मध्ये गावदेवीला तालमकींच्या पुढाकाराने सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण सोसायटी झाली. आपल्या सगळ्या सोसायट्यांची ती पणजी म्हणायची. मग मरीन ड्राइव्हच्या गोलाईच्या इमारती आल्या. त्यांच्या खिडक्यांवरून भुवईसारखे लांबलचक छज्जे जातात. २०१८ मध्ये युनेस्कोने त्या परिसराचं जागतिक वारसा म्हणून कौतुक केलं, ते कलेसाठी. पण त्या छज्ज्यांनी आतल्या माणसांना सावली दिली हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आमची दादरची चाळ यातलं काहीच नव्हती. गजांची खिडकी आणि तिच्या खालच्या अर्ध्या भागाला स्प्रिंगच्या तारेवर ओवलेला पडदा. वरचा अर्धा भाग हवेला आणि उजेडाला मोकळा, खालचा अर्धा गॅलरीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेला बंद. इतका काटकसरीचा आणि इतका अचूक पडदा मी नंतर पाहिला नाही. कापड मांजरपाटाचं, नाहीतर विरलेल्या सोलापुरी चादरीचं. डिसेंबर १९७१ मध्ये युद्ध सुरू झालं आणि ब्लॅकआउट आला. वडिलांनी खिडकीच्या काचांना आतून जाड काळा कागद चिकटवला, फटी बुजवायला खळ केली. खाली गल्लीतून ‘दिवा बंद करा’ अशी आरोळी आली की आई कंदील टेबलाखाली ठेवायची. दोन आठवड्यांत युद्ध संपलं. कागद काढला तरी खळीचे डाग काचेवर कितीतरी वर्षं राहिले. खिडकी झाकायची म्हणजे काय हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आता आपल्या इमारतीकडे येतो.

आपला नकाशा २००० सालच्या पुण्यातल्या शेकडो नकाशांसारखाच. पार्किंग अधिक चार मजले, दोन विंग, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या. सरकती खिडकी दिसायला मोठी, पण कधीही अर्धीच उघडते. बिल्डरने छज्जे सगळ्या बाजूंना सारखेच दिले, दोन-दोन फुटांचे. सगळी चूक इथेच आहे, कारण सूर्य सगळ्या बाजूंना सारखा नसतो. पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. डिसेंबरात दुपारी दक्षिणेला अठ्ठेचाळीस अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला छज्जा छान पुरतो. उन्हाळ्यात सावली आणि थंडीत थोडं ऊन. उत्तरेला जून महिन्यात संध्याकाळी तिरकं ऊन सोडलं तर त्रास नाही. पश्चिमेला मात्र मे महिन्यात साडेचार वाजता सूर्य तेहेतीस अंशांवर उतरलेला असतो. दोन फुटी छज्ज्याची सावली खिडकीवर जेमतेम सव्वा फूट खाली येते आणि साडेपाचला आठ-नऊ इंच. बाकी सगळी खिडकी उन्हात. पश्चिमेला छज्जा म्हणजे तळपत्या सूर्यासमोर टोपी घालून तोंड उघडं ठेवण्यासारखं आहे. तिथे उभा आडोसाच लागतो, आणि तो काचेच्या बाहेर लागतो. ऊन एकदा काचेतून आत आलं, की ते पडद्यावर पडतं, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते.

हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा नव्हतं. तेव्हा मी नोटिसा काढत होतो.

सोसायटीला सातवं-आठवं वर्ष लागलं होतं. पहिलं रंगकाम नुकतंच झालं होतं आणि सगळ्यांना इमारतीच्या एलिव्हेशनचं फार कौतुक होतं. बी विंगच्या चौथ्या मजल्यावर, पश्चिमेच्या फ्लॅटमध्ये एक आजी राहायच्या, मुलगा-सुनेबरोबर. मूळच्या अमरावतीकडच्या. त्यांनी बाल्कनीच्या आणि बेडरूमच्या खिडकीबाहेर बांबूचे चिक लावले. तक्रार आली. मी कमिटीच्या सांगण्यावरून पत्र काढलं : “इमारतीच्या बाह्यदर्शनास बाधा येत असल्याने सदर चिक आठ दिवसांत काढून घ्यावेत.” सही माझी. पत्र द्यायला मी स्वतः गेलो, तेवढं एक बरं केलं. आजींनी पाणी दिलं, गूळ दिला आणि म्हणाल्या, “अहो भाऊ, आतून पडदा लावा म्हणता. चोर आत आल्यावर दाराला कडी घालायची का?” मी हसलो. नियम म्हणजे नियम, असं काहीतरी बोललो. चार दिवसांत मुलाने चिक उतरवले.

त्या मे महिन्यात आजी दुपारी घरात एकट्या असताना चक्कर येऊन पडल्या. दोन दिवस दवाखान्यात होत्या. अंगातलं पाणी कमी झालं होतं, असं डॉक्टर म्हणाले. वय होतं, दुपारी जेवण नीट झालं नव्हतं, चिकांमुळेच झालं असं कोणी म्हटलं नाही आणि म्हणताही येणार नाही. मुलाने एका शब्दाने मला बोल लावला नाही. मेंटेनन्सचा चेक नेहमीसारखा पाच तारखेच्या आत आला. त्याने भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

भेटायला गेलो ते संध्याकाळी पाचला. आजींच्या बेडरूममध्ये अर्धा तास बसलो. जाड पडदा ओढलेला होता, पंखा फुल होता, आणि पंखा गरम हवाच फिरवत होता. निघताना भिंतीला हात लावला. रात्री नऊला काही विसरलं म्हणून परत गेलो (खरं तर मुद्दामच गेलो), तेव्हाही भिंत कोमटच होती. आमच्या ए विंगच्या पूर्वेच्या फ्लॅटमध्ये त्या वेळी आम्ही खिडक्या उघडून गार वारा खात होतो. एकाच इमारतीत, एकच मेंटेनन्स भरून.

पुढच्या वार्षिक सभेत मी स्वतःच्याच पत्राविरुद्ध ठराव मांडला. दोन तास चर्चा झाली. जुन्या सभासदांना आठवत असेल, त्या दिवशी चहा दोनदा आला. विरोध करणारे वेडे नव्हते. वाऱ्यात चिक सुटून खाली कोणाच्या डोक्यात पडला तर? पावसात भिजून खालच्या मजल्यावर घाण पाणी टपकलं तर? दिवाळीत फटाक्याची ठिणगी उडाली तर? शेवटी ठरलं ते असं : चिक बाहेरून चालतील, पण ग्रिलच्या आतल्या रेषेत, रंग सगळ्यांचा एकच तपकिरी, खालची काठी दोन्ही टोकांना बांधलेली, आणि मृगाच्या आधी उतरवून, दिवाळीनंतरच परत लावायचे. खर्च ज्याचा त्याने करायचा. ठराव तीन मतांनी पास झाला. आजी सभेला आल्या नव्हत्या, पण त्यांच्याकडून सगळ्यांना गुळपोळ्या आल्या, विरोधात मत देणाऱ्यांनाही.

त्यानंतर मला लोक घरोघरी बोलावू लागले, खिडकीला काय लावू म्हणून. मी काही तज्ज्ञ नाही, पण पंचवीस वर्षं बत्तीस फ्लॅटचे अनुभव ऐकलेत. पश्चिमेला बाहेरून चिक, हे सांगून झालं. पूर्वेच्या बेडरूमला आतला पडदा पुरतो, कारण सकाळचं ऊन आठ-साडेआठनंतर वर सरकतं. मात्र घरात रात्रपाळीचा माणूस असेल तर दुहेरी अस्तराचा गडद पडदाच हवा. ए विंगमधल्या एका नर्स ताईंनी सगळं करून बघून शेवटी काळ्या अस्तरावर समाधान मानलं. स्वयंपाकघरात, गॅसजवळच्या खिडकीला कापडी पडदा नकोच. जाळी आणि धुता येईल अशी फ्रॉस्टेड काच बरी. तेलकट झालेलं कापड कधी पेट घेईल सांगता येत नाही. न्हाणीघरात काचेच्या पट्ट्यांची जुनी लूव्हरची खिडकी सगळ्यांनी हौसेने काढून टाकली आणि मग भिंतींना बुरशी आली म्हणून एक्झॉस्ट फॅन बसवले. ती लूव्हर म्हणजे आपल्या झिलमिलीचीच नात होती. आरशाची फिल्म दिवसा उत्तम, पण रात्री दिवा लावला की घर दुकानाच्या शोकेससारखं दिसतं, आणि समोरच्या घरात उन्हाची तिरीप जाते ती वेगळीच. ब्लाइंड्स घेणाऱ्यांना एकच सांगणं : दोरीचा लोंबता फास लहान मुलांच्या हाताला येईल असा ठेवू नका, उंच खुंटीला गुंडाळा आणि पाळणा किंवा पलंग त्या खिडकीपासून लांब ठेवा. यात खरोखर मुलांचे जीव गेले आहेत. परदेशात त्यासाठी नियम करावे लागले.

हॉलचा पडदा हा मात्र शास्त्राच्या पलीकडचा विषय आहे. तो पाहुण्यांसाठी असतो. आमच्या घरी तीस वर्षांत हॉलचे पडदे पाच वेळा बदलले, आणि एकदाही कारण ऊन नव्हतं.

२०२० मध्ये सगळं पुन्हा उलटसुलट झालं. लोक दिवसभर घरात, लॅपटॉपवर. मागची खिडकी उघडी असली तर मीटिंगमध्ये तोंड काळं दिसतं आणि समोरची उघडी असली तर पडद्यावर झळाळी येते. एरवी दुपारी बंद असणाऱ्या बेडरूम ऑफिसं झाल्या आणि पश्चिमेच्या उन्हाची ओळख पुरुषमंडळींना तेव्हा पहिल्यांदा झाली. त्या एकाच उन्हाळ्यात बी विंगमध्ये नवे सहा चिक लागले. ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद करायचे होते. मी गच्चीवरून पाहिलं, दोन्ही विंग काळ्याभोर, बाल्कन्यांत पणत्या. मला खळीचा वास आला. शेजारच्या मुलाला १९७१ ची गोष्ट सांगायला लागलो, पण नऊ मिनिटांत ती संपली नाही.

आणि आता शेवटची हकीकत. आपल्या पश्चिमेचा बंगला तीन वर्षांपूर्वी पाडला आणि तिथे बारा मजली इमारत उभी राहिली, हे तुम्ही सगळे रोज बघताच. दोन इमारतींमधलं अंतर मी टेपने मोजलं. चाळीस फुटांच्या आसपास. समोरची उंची एकशेवीसच्या खाली नाही, म्हणजे तिप्पट. ऑरसाहेबांच्या नियमात दुप्पट होती. नियमाप्रमाणे सगळं कायदेशीर आहे, कागद मी पाहिलेत. पण बी विंगच्या पश्चिमेला आता साडेतीनलाच संध्याकाळ होते. जे लोक उन्हाची तक्रार घेऊन यायचे ते आता विचारतात, काका, जास्तीत जास्त उजेड येईल असं काय लावू? पहिल्या मजल्यावर दुपारी चारला ट्यूब लावावी लागते.

आजींना जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यांच्या मुलाने गेल्या मृगाआधी उतरवलेले चिक यंदा दिवाळीनंतर परत लावलेच नाहीत. गुंडाळून, दोरीने बांधून, मीटरच्या खोलीत ठेवलेत. दोन पाच बाय साडेचारचे आणि एक बाल्कनीचा मोठा. बांबू चांगला आहे, फक्त एका चिकाची वरची दोरी बदलावी लागेल. कोणाला हवे असतील तर त्यांनी घेऊन जावेत, असं त्याने मला सांगितलंय. ए विंगच्या दक्षिणेकडच्या शेवटच्या फ्लॅटला, लिफ्टच्या बाजूची ती पश्चिमेची छोटी खिडकी आहे ना, तिला त्यातला एक बरोबर बसेल. मी माप घेऊन ठेवलंय.